पोवई नाक्याजवळची बचत गटाची खानावळ

साताऱ्यात पोवई नाक्यावरून सदर बझारकडे जाताना महिला बचत गटाने चालवलेली एक खानावळ लागते. तिथले जेवण उत्तम आहे, पण तिचे खरे वेगळेपण स्वयंपाकघराच्या व्यवस्थेत आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. गटात पारधी, बौद्ध, मुसलमान आणि मराठा समाजांतल्या स्त्रिया आहेत, आणि भाकरी, कालवण, वाढप, भांडी व गल्ला ही सगळी कामे दर आठवड्याला फिरतात. त्यामुळे कोणी चुलीपाशी बसायचे आणि कोणी मोरीवर भांडी घासायची, ही आपल्याकडे न बोलता जातीवर होणारी वाटणी इथे शिरूच शकत नाही. नफ्याचा वाटा सर्वांना सारखा मिळतो. काही जणींना वाचता येत नसल्याने हिशेबाची वही सर्वांसमोर मोठ्याने वाचली जाते.

यातही मला गल्ल्याची पाळी सर्वांत महत्त्वाची वाटते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार मानले गेले, त्यांत पारधीही होते. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण संशय काही रद्द झाला नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली झडती पालावर होते. त्याच समाजातली बाई इथे आठवडाभर रोकड सांभाळते, पाचशेच्या नोटेची मोड शांतपणे मोजून देते आणि गिऱ्हाईक ती न मोजता खिशात टाकते. जागृतीच्या कितीतरी व्याख्यानांना मी बसलो आहे, पण विश्वास इतक्या साध्या रीतीने रुजताना तिथे पाहिला नाही.

साताऱ्याला सर्वांची एकत्र पंगत नवी नाही. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 पासून साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले, 1927 मध्ये महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले, आणि त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासह अंगावरचे दागिने मोडले. हा वारसा आपण जयंतीला अभिमानाने सांगतो आणि दुसऱ्या दिवशी खोली भाड्याने देताना आडनाव विचारतो.

जेवणाविषयी सांगायचे तर ज्वारीची भाकरी पातळ असते, पापुद्रा छान सुटतो आणि ती तव्यावरून थेट ताटात येते. अख्खा मसूर दाट आणि झणझणीत, शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटलेली. पिठले मात्र एखाद्या दिवशी अगदीच सपक लागते. थाळीचा दर आसपासच्या खानावळींइतकाच आहे, त्यामुळे स्वस्त म्हणून किंवा पुण्य म्हणून इथे जाण्याचे कारण नाही, चवीसाठी जावे.

बसायला लांब बाके आहेत, जागा मिळेल तिथे बसायचे. ईशान्य भारतातून शिकायला आलेली काही मुले इथे नेहमी जेवतात. ज्यांना रस्त्यावर ‘कुठल्या देशाचा?’ असे विचारले जाते, किंवा चेहऱ्यावरून चिडवले जाते, त्यांना इथल्या मावशी त्यांच्या नावाने हाक मारतात आणि तिखट कमी हवे का, एवढेच विचारतात. फलक मराठीतच आहे. अशा मुलांसाठी त्यावर हिंदीतही पदार्थ लिहिले, तर बरे होईल.

दोन उणिवा गटाने लवकर दूर कराव्यात. दारातल्या उंच पायऱ्यांना उतार नसल्याने चाकाच्या खुर्चीवरील माणसाला दोघांनी उचलून आत न्यावे लागते, आणि जिथे सर्वांना बरोबरीने बसवायचे ठरले आहे तिथे ही अडचण अधिकच खुपते. उताराची फळी बसवायला फार खर्चही येणार नाही. दुसरे म्हणजे डबे फक्त नाक्याच्या आसपास पोहोचतात. गोडोली आणि शाहूपुरीकडे राहणाऱ्या वृद्धांची मागणी लक्षात घेऊन ती सेवा वाढवावी.