नाल्ट्रेक्सोन ५० मिग्रॅ: आठ महिन्यांनंतर

कमरेसाठी ट्रामाडॉल, म्हणजे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक, सुरू झालं. कंबर बरी झाली, गोळी दोन वर्षं सुटली नाही. २०१८ पासून ती एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी मला मिळत राहिली. शेवटी इथे इंदूरलाच व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि रोज एक नाल्ट्रेक्सोन, म्हणजे अशा औषधांचा परिणाम रोखणारी गोळी, सुरू झाली.

सुरुवातीचं आधी सांगतो, तिथेच मी चुकलो. शेवटच्या ट्रामाडॉलनंतर ७ ते १० दिवस कोरडे गेल्याशिवाय ही गोळी घ्यायची नसते. मी डॉक्टरांना आठ दिवस झाले म्हणालो. आदल्या रात्रीच दोन घेतल्या होत्या. तासाभरात घाम, उलट्या, जुलाब, पाय एका जागी ठरेनात. नाल्ट्रेक्सोन मेंदूतल्या म्यू रिसेप्टरवरून (अशी औषधं जिथे चिकटतात ती जागा) आधीच्या औषधाला हुसकावून स्वतः तिथे बसतं, त्यामुळे चार-पाच दिवसांत हळूहळू भोगायचा त्रास एकदम अंगावर येतो. बायको रात्रभर ओआरएस पाजत होती. दवाखान्यात जायला हवं होतं. नंतर दहा दिवस थांबून, लघवी तपासून, नीट सुरू केलं.

मळमळ दोन आठवडे राहिली. सकाळी पोहे खाऊन गोळी घ्यायला लागल्यावर कमी झाली. गोळी बायको समोर उभी राहून देते, कारण त्या गोळीने काहीच वाटत नाही, ना गुंगी ना तरतरी, आणि मन ती चुकवायला कायम तयार असतं.

तिसऱ्या महिन्यात कपाटात ट्रामाडॉलच्या गोळ्यांची जुनी पट्टी सापडली. बराच वेळ हातात धरून बसलो. घेऊन काही लागणार नाही, आणि नाल्ट्रेक्सोनचा अडथळा फोडायला जास्त घेतली तर जीव जाईल, हे ठाऊक होतं. पट्टी आईच्या हातात दिली.

राजवाड्याजवळच्या दातांच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल असलेली गोळी लिहिली होती. नाल्ट्रेक्सोन चालू असल्याचं खिशातलं कार्ड दाखवल्यावर आयब्युप्रोफेन दिलं. कोडीनचं खोकल्याचं औषधही चालत नाही, तेही त्याच जातीचं. ऑपरेशन ठरलं तर आधीच सांगा.

नाल्ट्रेक्सोन अफूतल्याच थेबेन नावाच्या द्रव्यापासून बनवता येतं, हे कळल्यापासून मंदसौर-नीमचची अफूची शेतं मला वेगळी दिसतात.

यकृताच्या तपासण्या दोनदा केल्या, दोन्ही ठीक आल्या. पुढच्या वर्षी बंद करू, असं डॉक्टर म्हणतात. याची सवय लागत नाही, सोडताना त्रास नाही. भीती वेगळी आहे: अंगाची जुनी सहनशक्ती गेलेली असते, पूर्वीएवढ्याच गोळ्यांनी तेव्हा श्वास थांबू शकतो. हे बायकोला आणि धाकट्या भावाला, दोघांनाही सांगून ठेवलंय.