रात्रपाळीनंतर दिवसा झोपण्यासाठी मेलाटोनिन: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर आहे. पाळी दर आठवड्याला बदलते. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी पाथर्डी फाट्याला घरी येऊन झोपायचो आणि अकरालाच टक्क जाग यायची. गणपतीच्या सुमारास डॉक्टरांनी मेलाटोनिनची ३ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. तेव्हापासून फक्त रात्रपाळीच्या आठवड्यात घेतोय.

ही गोळी गुंगी आणून पाडत नाही. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी हेच संप्रेरक सोडते, शरीराला रात्र झाल्याचं कळतं. डोळ्यांवर उजेड पडला की ते थांबतं, आणि आपण आडवे होतो ते नेमके भर उजेडात. गोळीने मला झोप लवकर लागते, याबद्दल शंका नाही. पण रक्तातलं मेलाटोनिन साधारण तासाभरात निम्म्यावर येतं, त्यामुळे झोप टिकवणं तिच्या एकटीच्या हातात नाही. कॉक्रेन ही संस्था वेगवेगळ्या वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासते; रात्रपाळीवाल्यांवरच्या चाचण्यांचा तिचा २०१४चा आढावा आहे. त्यात दिवसाची झोप सरासरी २४ मिनिटांनी वाढलेली दिसली, आणि तो पुरावाही फार भक्कम नाही.

माझी झोप खरी लांबली ती खोलीमुळे. खिडकीला जाड काळा पडदा लावला, फटींवर पुठ्ठा ठोकला. कंपनीच्या बसमध्ये सकाळचं ऊन तोंडावर येतं, म्हणून गॉगल लावून बसतो. भंगारवाल्याच्या भोंग्यासाठी कानात बोळे. आईने तर कुकर लावायची वेळच बदलली, आणि दुपारपर्यंत दाराची बेल बंद ठेवते. तिच्या या सांभाळण्याचं मोल मला गोळीपेक्षा जास्त वाटतं. आता दुपारी दोन-अडीचपर्यंत झोपतो. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात मात्र कूलर नसेल तर गोळी घेऊनही उपयोग होत नाही.

गोळी घरी पोचल्यावरच घ्या. बाइकवरून येणाऱ्यांनी कंपनीतून निघताना घेऊच नये, आधीच रात्रभराचं जागरण असतं. डॉक्टरांनी मध्यंतरी डोस वाढवून पाहिला. झोप तेवढीच राहिली आणि उठल्यावर डोकं जड, म्हणून परत ३ वर आणला. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा नैराश्यावरची फ्लुवॉक्सामाइन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, दोन्हींबरोबर घेतली तर औषधांचा परिणाम बदलू शकतो. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत मला तिची गरज पडत नाही.