दोन चलांच्या असमानता: आलेख, टोकाच्या किमती, संख्या की बीजगणित?

दोन चलांच्या असमानतेचा प्रश्न समोर आला की विद्यार्थ्यापुढे चार मार्ग असतात: आलेख काढणे, चलांच्या टोकाच्या किमती तपासणे, निवडक संख्या घालून पाहणे आणि बीजगणिती मांडणी करणे. तयारीला वेळ थोडा असेल, तर यांपैकी कशावर आधी हात बसवावा हे ठरवावेच लागते. माझ्या मते हा निर्णय मुख्यतः प्रश्नात काय विचारले आहे यावरून घ्यावा. मात्र परीक्षेचे नियम आधी पाहून घ्यावेत, कारण त्यांमुळे एखादा मार्ग सोपा होतो किंवा जवळजवळ बंदच होतो.

डिजिटल एसएटीमध्ये (अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठीची परीक्षा) गणिताच्या ४४ प्रश्नांसाठी ७० मिनिटे मिळतात आणि आलेख काढून देणारा डेस्मॉस कॅल्क्युलेटर परीक्षेच्या पडद्यावरच उपलब्ध असतो. जीआरईमध्ये (पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) चार मूलभूत क्रिया आणि वर्गमूळ करणारा साधा कॅल्क्युलेटर असतो, पण त्यावर आलेख काढता येत नाही. जीमॅटच्या (व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) गणित विभागातील २१ प्रश्न तर ४५ मिनिटांत कॅल्क्युलेटरशिवायच सोडवावे लागतात.

आलेख आणि थेट बिंदू घालणे यांची तुलना एका उदाहरणातून स्पष्ट होते. य > २क्ष − १ आणि क्ष + य ≤ ८ या दोन्ही असमानतांची उकल असलेला बिंदू (०, ९), (३, ५), (४, ५) आणि (२, ६) यांतून निवडायचा आहे, असे समजा. आलेख काढला तर दोन रेषा (३, ५) येथे छेदतात आणि छायांकित भागाचा कोपरा नेमका तिथेच दिसतो. घाईत असलेला विद्यार्थी तोच पर्याय निवडतो. पण पहिल्या असमानतेत ५ > ५ हे असत्य आहे, म्हणजे ती रेषा तुटक काढायला हवी आणि तिच्यावरचा कोणताही बिंदू उकल ठरत नाही. हेच चार बिंदू असमानतांमध्ये घालून पाहिले, तर ६ > ३ आणि ८ ≤ ८ यांवरून (२, ६) हे उत्तर लगेच हाती येते. पर्यायांत बिंदू दिलेले असतील, तर आलेखाच्या वाटेला जाऊ नये. याउलट उकलीचा प्रदेश कोणत्या चरणात येतो, किंवा अमुक अटी पाळून य ची मोठ्यात मोठी किंमत किती, असे विचारले असेल, तर आलेखाइतका स्वच्छ मार्ग दुसरा नाही.

टोकाच्या किमतींचा मार्ग सर्वांत दुर्लक्षित राहतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. −३ < क्ष < २ आणि −४ < य < ५ असे दिले असून क्ष × य ची व्याप्ती विचारली आहे. डाव्या टोकांचा गुणाकार १२ आणि उजव्या टोकांचा १०. त्यावरून १२ < क्ष × य < १० असे लिहिले जाते आणि हे अशक्य आहे, हेही घाईत लक्षात येत नाही. खरे तर चारही जोड्या तपासायला हव्यात: १२, −१५, −८ आणि १०. त्यांतील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या घेतली की −१५ < क्ष × य < १२ हे उत्तर मिळते. क्ष − य साठीही हीच शिस्त पाळावी. एकाच दिशेच्या असमानतांची बेरीज चालते, वजाबाकी चालत नाही. क्ष चे लहान टोक य च्या मोठ्या टोकाशी जोडावे लागते आणि उत्तर −८ < क्ष − य < ६ येते. या मार्गाची मर्यादाही ओळखून ठेवावी. गुणाकारात एक चल स्थिर धरले की दुसऱ्यानुसार किंमत एकाच दिशेने बदलते, म्हणून टोके पुरतात. क्ष² चे तसे नाही: −३ आणि २ यांचे वर्ग ९ आणि ४ असले, तरी मध्ये ० येतो, म्हणून खरी व्याप्ती ० ≤ क्ष² < ९ अशी आहे.

‘पुढीलपैकी कोणते विधान नेहमी सत्य असेल?’ अशा प्रश्नांत, तसेच जीआरईतील दोन राशींच्या तुलनेत आणि जीमॅटमधील माहितीच्या पुरेपणाच्या प्रश्नांत, संख्या घालून पाहणे अत्यंत उपयोगी पडते. क्ष/य > १ दिले असता क्ष > य असेलच का? (३, २) घेतले तर होय, (−३, −२) घेतले तर नाही. म्हणजे माहिती अपुरी आहे. दोन्ही बाजूंना य ने गुणून मोकळा होणारा विद्यार्थी इथेच चुकतो, कारण य ऋण असेल तर चिन्हाची दिशा उलटते. म्हणून संख्या निवडताना धन, ऋण, शून्य आणि ० व १ यांमधील अपूर्णांक, इतके प्रकार तरी घ्यावेत. पण संख्या विधान खोडू शकतात, सिद्ध करू शकत नाहीत. क्ष > य आणि क्ष + य > ० असताना कितीही जोड्या घेतल्या तरी क्ष² > य² हेच मिळत राहील. ते नेहमीच खरे आहे ही खात्री (क्ष − य)(क्ष + य) > ० या मांडणीतूनच मिळते, आणि तिथे बीजगणिताला पर्याय नाही.

पूर्णांकांच्या जोड्या मोजायच्या असतील, तर साधी मोजणी उत्तम. २क्ष + ३य ≤ १२ साठी धन पूर्णांक हवे असतील, तर य = १, २, ३ घेऊन अनुक्रमे ४, ३ आणि १ अशा ८ जोड्या सापडतात.

एसएटी देणाऱ्याने आधी डेस्मॉसवर असमानता टाकून तुटक व अखंड रेषांतला फरक वाचण्याचा सराव करावा आणि त्याच्या जोडीला बिंदू घालून पाहण्याची सवय लावावी. जीआरई किंवा जीमॅट देणाऱ्याने टोकाच्या किमती आणि संख्या घालणे यांपासून सुरुवात करावी, आणि बीजगणिती मांडणी मुख्यतः अशा प्रश्नांसाठी राखावी जिथे तीन-चार वेगवेगळ्या प्रकारच्या संख्या घालूनही विधान खोडले जात नाही.