लहान लेथवर टेपर शँक घ्यावी की सरळ?

लहान लेथ घरी आला की पुढचे काही महिने टूल्स जमवण्यात जातात. ड्रिल घ्या, रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) घ्या, कोलेट (शँकभोवती आवळणारी चिरलेली नळी) होल्डर घ्या, प्रत्येक वेळी तोच प्रश्न येतो: टूलची शँक, म्हणजे मागची धरायची दांडी, निमुळती (टेपर) घ्यावी की सरळ? मी ते टूलच्या नावावरून ठरवत नाही. काम करताना त्या टूलवर जोर कोणत्या दिशेने येणार, हे आधी बघतो.

टेपर म्हणजे पाचरच. मोर्स टेपर या प्रमाणित निमुळत्या मापांमध्ये साधारण २० मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने कमी होतो. इतकी चिंचोळी पाचर मागे दाबली की निव्वळ घर्षणावर घट्ट बसते. टोकाची चपटी टँग ड्रिल फिरवण्यासाठी असते असं पुष्कळांना वाटतं, पण तिचं खरं काम ड्रिफ्ट (पाचरीसारखी पट्टी) घालून टूल बाहेर काढणं हे आहे. दाब मागच्या दिशेने आहे तोवर टेपरची पकड वाढत जाते. टूल पुढे ओढलं गेलं किंवा आडवं थरथरू लागलं की तीच पकड एका क्षणात सुटते. सरळ शँकला स्वतःची पकड नसते. चकचे जॉ (जबडे), कोलेट किंवा स्क्रू जितकं आवळाल तितकंच ती धरते, पण ओढलं म्हणून लगेच सोडत नाही.

पुढचं सगळं मी छंदासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मापाचा लेथ समोर ठेवून लिहितो आहे: हेडस्टॉकच्या (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरवणाऱ्या बाजूच्या) स्पिंडलमध्ये मोर्स ३, टेलस्टॉकमध्ये (समोरच्या सरकत्या आधारात) मोर्स २ (आकडा टेपरचं माप सांगतो), आणि दोन सेंटरमधलं अंतर सुमारे ३०० मिलिमीटर.

टेलस्टॉक

रिव्हॉल्व्हिंग सेंटरबद्दल (जॉबच्या टोकाला आधार देणाऱ्या फिरत्या टोकाबद्दल) वाद नाही, तो टेपरचाच हवा. जोर सरळ मागे जातो आणि काढून पुन्हा लावला तरी तो जागच्या जागी येतो.

ड्रिलच्या बाबतीत मात्र लांबीचा हिशोब करावा लागतो, आणि लहान लेथवर हाच हिशोब सगळ्यात जास्त अडवतो. १० मिलिमीटरचं नेहमीचं सरळ शँकचं ड्रिल १३३ मिलिमीटर लांब असतं. त्यातला ३० मिलिमीटरच्या आसपासचा भाग चकच्या जॉमध्ये जातो, पण चकचं स्वतःचं अंग साधारण ८० मिलिमीटर जागा खातं. म्हणजे बॅरलच्या (टेलस्टॉकच्या पुढेमागे सरकणाऱ्या नळीच्या) तोंडापासून ड्रिलच्या टोकापर्यंत जवळजवळ १८० मिलिमीटर गेले. समोर तीन जॉचा चक आणि त्यात जॉब धरला की टेलस्टॉक बेडच्या टोकाला जाऊन पोचतो. त्याच मापाचं आखूड, म्हणजे स्टब ड्रिल ८९ मिलिमीटरचं असतं. तेवढ्याने हा आकडा १४० च्या आसपास येतो, शिवाय ड्रिल कमी लवचतं आणि भोक कमी भरकटतं. म्हणून १३ मिलिमीटरपर्यंत माझी निवड पक्की आहे: चांगला चक मोर्स २ आर्बरवर (चक बसवायच्या टेपर दांड्यावर) कायमचा चढवायचा आणि त्यात सरळ शँकची स्टब ड्रिल्स वापरायची. याच मापांत टेपर शँक घेतली तर शँक मोर्स १ येते. तिला रिडक्शन स्लीव्ह (लहान टेपर मोठ्या सॉकेटमध्ये बसवणारी नळी) लागते, आणि स्लीव्ह म्हणजे कचरा अडकायला आणखी एक जागा.

१४ मिलिमीटरच्या वर पारडं फिरतं. १४.२५ ते २३ मिलिमीटरची टेपर ड्रिल्स मोर्स २ शँकवर येतात, म्हणजे थेट बॅरलमध्ये बसतात. १६ मिलिमीटरचं ड्रिल २१८ मिलिमीटर लांब असतं हे ऐकून अनेकजण मागे हटतात. पण त्यातली मोर्स २ शँक बॅरलच्या पोटात जाते आणि बाहेर उरतात साधारण १४० मिलिमीटर. १३ मिलिमीटरच्या चकमध्ये बसावं म्हणून शँक बारीक केलेलं मोठं ड्रिल स्वतः आखूड असतं, तरी चकची लांबी मिळवली की एकूण मुक्काम त्याहून पुढेच जातो. शिवाय गुळगुळीत शँक जॉमध्ये घसरून फिरली की तिच्यावर चरे उठतात, आणि ते ड्रिल पुढे कधीच नीट मध्यावर बसत नाही. टेपरला ही अडचण नाही.

मोठ्या टेपर ड्रिलची दुसरी अडचण आहे ती टँगची. लहान लेथच्या बॅरलची पोकळी उथळ असते, त्यामुळे टँग आतल्या स्क्रूला टेकते आणि बॅरल थोडी बाहेर काढल्याशिवाय टेपर बसतच नाही. मुळात साठेक मिलिमीटरची चाल, त्यातली तेवढी वाया जाते. टँग घासून कमी करता येते, पण बेतानेच. हँडव्हील पूर्ण मागे फिरवल्यावर स्क्रूने टूलला मागून ढकलून बाहेर काढायचं असतं. जास्त कापलीत तर स्क्रू पोचणार नाही आणि आर्बर आतच अडकून बसेल.

माझ्या हातून एक नुकसान पितळावर झालं. १२ मिलिमीटरचं भोक १८ करत होतो, टेपर शँकचं ड्रिल थेट बॅरलमध्ये होतं. ड्रिलच्या धारेने पितळ पकडलं, ड्रिल स्क्रूसारखं स्वतःच आत ओढलं गेलं, टेपर सुटला आणि ड्रिल जॉबबरोबर फिरू लागलं. लेथ थांबवेपर्यंत बॅरलच्या आत गोल चरा पडला होता. ती जागा बोटाला अजून लागते. इथे चक वापरला असता तरी निभावलं नसतं, कारण चकचा आर्बरही त्याच टेपरवर उभा असतो. पितळासाठी ड्रिलच्या दोन्ही धारा ऑइलस्टोनने किंचित सपाट करायच्या, म्हणजे ते खरवडत जातं, ओढत नाही. भोक मोठं करायचंच असेल तर टूल पोस्टमध्ये स्क्रूने आवळलेला सरळ शँकचा बोअरिंग बार त्याहून चांगला.

हेडस्टॉक

इथे स्पिंडलमध्ये फिरता कटर लावून मिलिंग करताना जोर आडवा येतो, म्हणून नियम सोपा आहे: स्पिंडलमध्ये टेपरवर काहीही कापणारं लावलंत तर मागून ड्रॉबार (टेपर मागे ओढून धरणारा लांब बोल्ट) हवाच. मोर्स ३ ला सहसा एम १२ आट्यांचा, मोर्स २ ला एम १० चा. ड्रिल चकमध्ये एंड मिल (मिलिंगचा कटर) धरून मिलिंग करू नका. तीन जॉ शँकला तीन रेषांवरच धरतात, आणि चक ज्या छोट्या टेपरवर बसलेला असतो त्याला ड्रॉबारचा आधार नसतो. कंपनांनी तो निसटतो आणि फिरता चक कटरसकट खाली येतो.

मिलिंग दोन-तीनच मापांत होणार असेल, समजा ६, १० आणि १२, तर मला थेट मोर्स ३ कोलेट आवडतात. कटर जवळजवळ स्पिंडलच्या आतच राहतो, त्यामुळे लहान मशीनची थरथर लक्षात येण्याइतकी कमी होते. मात्र प्रत्येक कोलेट एकच माप धरतो. मापं बदलती असतील तर ईआर ३२ (आवळता येणाऱ्या कोलेटच्या एका प्रमाणित मालिकेचा) होल्डर घ्या. त्याचा एकेक कोलेट सुमारे १ मिलिमीटरपर्यंत आवळतो आणि संच २० मिलिमीटरपर्यंत जातो.

पण तो होल्डर मोर्स शँकचा की फ्लँजवर (स्पिंडलच्या तोंडावरच्या चकतीवर) बोल्ट करायचा? गोल सळई धरून टर्निंग करायचं असेल तर फ्लँजचा. मोर्स शँक आणि ड्रॉबार मिळून स्पिंडलचं आरपार भोक बुजवतात, आणि लांब सळई मागून आत घेता येत नाही. फ्लँजचा होल्डर डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं मापक) लावून हलके ठोकत मध्यावर आणता येतो. तीन जॉच्या चकवर जिथे ५ ते १० शतांश मिलिमीटर रनआउट (मध्यापासूनचं डगमगणं) सहज दिसतो, तिथे चांगल्या ईआरवर १ ते २ शतांश मिळतो. सरळ शँकचा ईआर होल्डर तीन जॉमध्ये धरला तर चकची चूक त्यात मिसळते. चार जॉमध्ये डायल लावून धरलात तर चालतो, पण रोज तेवढा वेळ कोण देणार?

टेपरच्या बाजूने कौल देण्याआधी आपलं सॉकेट एकदा तपासा. आर्बर कोरड्या फडक्याने पुसा, लांबीभर मार्करच्या तीन रेषा ओढा, सॉकेटमध्ये हलकेच दाबून थोडा फिरवा आणि काढून बघा. रेषा पूर्ण लांबीभर पुसट झाल्या असतील तर टेपर निर्धास्त वापरा. फक्त रुंद टोकाला किंवा एकाच ठिपक्यावर पुसल्या असतील तर आत बर (धातूचा उठलेला कंगोरा) किंवा चिप आहे. मोर्स रीमर हाताने, अगदी हलक्या दाबाने फिरवून तो उंचवटा काढा, आणि तोवर मोठी भोकं टूल पोस्टमधल्या सरळ शँकच्या बोअरिंग बारनेच करा.