लाल उजेडात डुकरं निवांत जेवतात: शिकारीच्या बॅटरीवर सहा महिने जागल

ऑगस्टअखेर सोयाबीन शेंगेवर आलं तेव्हा ही बॅटरी घेतली. आता फेब्रुवारीत हरभरा निघालाय. मधल्या काळात आठवड्यातल्या चार-पाच रात्री ती माझ्या हातात होती, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं समजतो.

वावर उमरखेड तालुक्यात, पैनगंगा अभयारण्याच्या अंगाला. रोही (नीलगाय) आणि डुक्कर दोघांचाही त्रास. जागल, म्हणजे रात्री पिकाची राखण, घरात पहिल्यापासूनच आहे. आजोबा टेंभा घेऊन बसायचे, बाबांकडे तीन सेलची स्टीलची बॅटरी, आणि मी व्हिडिओ बघून ऑनलाइन मागवणारा.

चूक तिथेच झाली. व्हिडिओ टेक्सासचे होते. तिकडे मोकाट डुकरांची रात्रीची शिकार कायद्याने चालते आणि त्यासाठी खास लाल-हिरव्या लाईटी मिळतात. मी तशीच घेतली: लाल, हिरवा, पांढरा असे तीन रंग एकात, किंमत २,४०० रुपये. शिकाऱ्याची म्हणजे जोरदारच असणार, एवढाच विचार केला.

पहिल्या रात्री साडेअकराला नाल्याकडून कचकच ऐकू आली. माळ्यावरून लाल झोत टाकला. सात-आठ डुकरं, एक मोठी मादी, बाकी पिल्लं. एकानेही मान वर केली नाही. मी झोत हलवला, गोल फिरवला. शेंगा खाणं सुरूच. खालून बाबा म्हणाले, "अबे, तू त्याइले जेवाले लाईट दाखवून राहिला का?"

नंतर कारण वाचलं. डुकराच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक निळ्याकडची आणि एक हिरव्या-पिवळ्याकडची. लाल उजेड त्याला फार अंधुक दिसतो. शिकाऱ्याला हेच हवं असतं, डुक्कर बिचकू नये. जागलकऱ्याला नेमकं उलटं हवं: ते बिचकलं पाहिजे, आणि माणूस आहे हे त्याला कळलं पाहिजे. आपल्याकडे रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. म्हणजे शिकारीसाठी बनवलेली ही वस्तू मी हाकलायला वापरत होतो.

हिरव्यावर त्यांनी मान वर केली, दोन-चार पावलं सरकली, परत आली. काम केलं ते पांढऱ्याने. अरुंद, लांब पल्ल्याचा झोत अचानक तोंडावर पडला आणि सोबत डबा वाजला की कळप नाल्यात उतरतो. एकटा सुळेवाला मात्र पांढऱ्यालाही लवकर जुमानत नाही, तो आपल्या मर्जीने जातो.

खोक्यावरच्या लुमेनच्या आकड्याकडे बघू नका. तो एकूण उजेड झाला. झोत किती लांब जातो ते कँडेलावर ठरतं. हिशोब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा, तेवढे मीटर. १०,००० कँडेलाला २०० मीटर. पण त्या टोकाला पोचलेला उजेड जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो. डुक्कर ओळखायचं तर त्याच्या निम्मं अंतर धरा.

ओळखण्यावरून आठवलं. रोह्याचे डोळे झोतात काचेसारखे चमकतात, लांबूनच कळतात. डुकराच्या डोळ्याच्या पाठीमागे उजेड परतवणारा तो आरसा नसतो. सुरुवातीचे पंधरा दिवस मी चमकणारे डोळे शोधत बसलो आणि डुकरं आरामात आत शिरली. आता आधी आवाज ऐकतो, मग त्या दिशेला पाठीचा काळा उंचवटा शोधतो.

झगमग मोडवर बॅटरी धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) बांधून झोपायचाही प्रयोग केला. आठ दिवस चाललं. नवव्या रात्री बॅटरीपासून वीस पावलांवर उकरलेलं होतं. एका जागी लुकलुकणाऱ्या उजेडाला डुक्कर सरावतं. जागा बदलत राहा, नाहीतर पैसे वाचवा.

आता तक्रारी. बटण एकच आणि सुरुवात दर वेळी लालपासून. पांढऱ्यावर यायला तीनदा दाबायचं, दवाने बोटं ओली असली की चारदा. मध्ये झगमग येते ती वेगळीच. सेल १८६५० आकाराचा, सोबत आलेला अजून बरा आहे. जोडीला बाजारातून दुसरा घेतला, त्यावर ९,९०० एमएएच छापलेलं. तो तासाभरात बसला. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३,५०० मावतात, हे मला आधी माहीत असतं तर दोनशे रुपये वाचले असते. चार्जिंगच्या भोकावरचं रबर नोव्हेंबरात तुटलं.

लाल अगदीच वाया गेला असं नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा लावला की ती मेहनत गेली. थर्मासमधला चहा ओतायला, फोन शोधायला मंद लालच बरा. पण लालवर धुऱ्याने चालू नका. एकदा ढेकूळ समजून पाय टाकणार होतो, ती घोणस होती. लालमध्ये माती आणि घोणस एकाच रंगाची दिसते. चालायला कपाळावरची पांढरी वेगळी ठेवा, हातही मोकळे राहतात.

झोत टाकताना कळप आणि नाला यांच्यामध्ये उभं राहायचं नाही. पिल्लांची मादी वाट अडवली की सरळ अंगावर येते. आणि काही जण कुंपणात घरगुती लाईनचा करंट सोडतात, त्यांच्याबद्दल काय बोलावं. त्या तारेला डुकराआधी शेजारचा माणूस चिकटतो. झटका मशीन वेगळं, त्याचा दणका क्षणभराचा असतो.

पाचपैकी साडेतीन. परत घ्यायची झाली तर तीन रंगांची घेणार नाही. एक लांब पल्ल्याची पांढरी आणि एक कपाळावरची, एवढ्यात भागतं. सध्या चार्जिंगच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलाय. पुढच्या सोयाबीनपर्यंत टिकेल असं वाटतं. बाबा म्हणतात, स्टीलच्या बॅटरीला रबरच नव्हतं.