काचेची शेगडी तापून बंद पडते: दुरुस्ती, नवी सिरॅमिक की इंडक्शन?

काचेची विजेची शेगडी, म्हणजे काचेखाली तापणारी कॉइल असलेली सिरॅमिक, मध्येच बंद पडायला लागली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो मेकॅनिक बोलवा, दुसरा म्हणतो काढून टाका आणि इंडक्शन घ्या. जर्मनीत, इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांना हा वाद नवा नाही. तिथे ओट्यात बसवलेली सिरॅमिक शेगडी बऱ्याचदा घराबरोबरच येते, आणि आपला तवा तिची रोज परीक्षा पाहतो. पण नक्की तापतंय काय, काच, कॉइल की खालचं इलेक्ट्रॉनिक्स, हे आधी पाहिल्याशिवाय दोघांपैकी कुणाचंच ऐकू नका.

मोठ्या आचेवर लाल कॉइल मधूनच विझून पुन्हा पेटत असेल, तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. कॉइलवर आडवी एक बारीक दांडी दिसते ना, तो तापमान-रक्षक. काच 500 अंश सेल्सियसच्या बरीच पुढे जाऊ लागली की तो वीज तोडतो आणि जरा निवली की पुन्हा जोडतो. तव्याचं बूड मध्ये उचललेलं असेल तर उष्णता काचेखालीच कोंडते आणि हे विझणं-पेटणं वाढतं. तवा उलटा करून बुडावर पट्टी उभी धरा. पट्टीखालून उजेड दिसला, तर खर्च तव्याचा, शेगडीचा नाही.

उलट प्रकार मात्र खरा बिघाड. नॉब 2 वर आहे, तरी कॉइल अखंड लाल आणि डाळ तळाला लागलेली. इथे बहुतेक वेळा रेग्युलेटरमधले, म्हणजे नॉबमागच्या आच कमी-जास्त करणाऱ्या भागातले, संपर्कबिंदू चिकटलेले असतात. टचवाल्या शेगडीत तेच काम करणारा रिले चिकटतो. नॉबवाली शेगडी असेल तर मी डोळे मिटून दुरुस्ती म्हणेन, कारण रेग्युलेटर हा तिच्यातल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक. जर्मनीतल्या बऱ्याच जुन्या स्वयंपाकघरांत आणखी एक मेख असते: शेगडीचे नॉब खालच्या ओव्हनवर असतात आणि रेग्युलेटरही ओव्हनमध्येच. अशा घरात वरची शेगडी नवी आणून बसवली तरी डाळ लागायची ती लागणारच. शिवाय त्या जागी इंडक्शन घेतलं तर ओव्हनवरचे ते नॉब निकामी होतात आणि दोन्हींची वीजजोडणी वेगळी करून घ्यावी लागते.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा: टचवाली शेगडी अर्ध्या तासाने स्वतःच बंद होते आणि आकड्याचा कोड दाखवते. कोड कंपनीगणिक बदलतात, तेव्हा आपलं माहितीपुस्तक पाहा. उदाहरणार्थ, बॉशच्या अनेक सिरॅमिक शेगड्यांवर एफ2 आणि एफ4 म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स जास्त तापलं, आणि एफ5 म्हणजे टच-पट्टीजवळ गरम भांडं ठेवलंय. मागचा कुकर उतरवून पुढे पट्टीवर टेकवायची सवय असेल, तर उत्तर मिळालं. नाहीतर दोन-तीन दिवस ओव्हन न लावता स्वयंपाक करून बघा. तेवढ्यात त्रास थांबला, तर संशय ओव्हनच्या गार करणाऱ्या पंख्यावर किंवा मधल्या हवेच्या जागेवर. खाली खण असेल तर तो पिशव्या आणि फडक्यांनी गच्च भरलाय का तेही पाहा.

हा हवेचा दोष शेगडी बदलून जात नाही, आणि म्हणूनच इथे इंडक्शनची घाई नडते. इंडक्शनमध्ये काच मुख्यतः भांड्यामुळे तापते, आच लगेच कमी-जास्त होते, वीजही कमी लागते; हे सगळं खरं. पण तिचं नाजूक इलेक्ट्रॉनिक्स काचेखालीच असतं आणि पंखा खालचीच हवा ओढतो. सिरॅमिकला कोंडणारी जागा इंडक्शनला त्याहून जास्त कोंडेल. आधी हवा मोकळी करा, मग इंडक्शनचं बोला.

त्यातही भांड्यांच्या बुडाला चुंबक लावून पाहा. भारतातून आणलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर आणि तांब्याची भांडी बाद होतील, लोखंडी तवा चालेल. भाकरी फुगवायला ज्योत दोन्हीकडे नाहीच. 60 सेंटिमीटरची चार चुलींची सिरॅमिक साधारण 6 ते 6.5 किलोवॉटची असते, इंडक्शन अनेकदा 7 च्या वर. वायर आणि फ्यूज तेवढं पेलतात का हे इलेक्ट्रिशियननेच सांगावं. शेगडी बसवायला ओट्यात केलेला काप 56 गुणिले 49 सेंटिमीटर असेल तर दोन्ही प्रकारांत भरपूर पर्याय मिळतात.

काचेला तडा गेला असेल तर मात्र चर्चा नको. मेन बंद करा आणि शेगडी वापरू नका. नुसती काच बदलण्याचा खर्च अनेकदा नव्या सिरॅमिकच्या जवळ जातो, तेव्हा नवीच घ्या. भाड्याच्या घरात आधी घरमालकाला लेखी कळवा, कारण शेगडी बहुधा त्याची असते. आणि मेकॅनिकला फोन करण्यापूर्वी शेगडीच्या मॉडेल क्रमांकाचा आणि दिसणाऱ्या कोडचा फोटो काढून ठेवा. क्रमांकाची पाटी शेगडीच्या पोटाखाली असते, पण तोच क्रमांक अनेकदा शेगडीबरोबर आलेल्या कागदपत्रांतही सापडतो.