गिटारसाठी पहिला बँडसॉ: दहा इंची, चौदा इंची की पॅटर्न शॉपमधला जुना?

फक्त इलेक्ट्रिक गिटार बनवायची असेल तर दहा इंची बँडसॉ (चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या ब्लेडची करवत) पुरतो. अकूस्टिक बनवायची असेल आणि तिच्या फळ्या घरीच चिरायच्या असतील, तर चौदा इंचीच्या खाली उतरू नका. इंचातला हा आकार चाकाच्या व्यासाचा असतो. लाकूड किती उंच चिरलं जाईल हे त्यावरून कळत नाही, आणि गिटारवाल्याने आधी विचारायचं ते तेच.

इलेक्ट्रिकची बॉडी साधारण 45 मिमी जाड आणि 13 इंच रुंद असते. नेकचा ठोकळा आडवा ठेवला तरी 3-4 इंचांवर जात नाही. दहा इंची यंत्रात गाईडखाली (ब्लेडला जागेवर धरणाऱ्या भागाखाली) बहुधा 4 ते 6 इंच मोकळी जागा मिळते, त्यामुळे उंचीची चिंता नाही. अडचण होते ती ब्लेड आणि खांबामधल्या जेमतेम साडेनऊ इंचांची. कमरेच्या वळणावर ठोकळा फिरवताना त्याचा कोपरा खांबाला अडतो. म्हणून आधी बाहेरून आखलेल्या रेषेपर्यंत एकमेकांजवळ छेद देऊन ठेवावेत. मग टाकाऊ लाकूड तुकड्यातुकड्याने गळून पडतं आणि ठोकळा फार वळवावा लागत नाही. रेषेच्या 2 मिमी बाहेरून कापावं, उरलेलं राउटर (फिरत्या पात्याचं हत्यार) आणि टेम्प्लेटवर (नमुन्याच्या साच्यावर) काढावं.

अकूस्टिकचं गणित वेगळं. ड्रेडनॉट या मोठ्या घाटाच्या अकूस्टिकची पाठ खाली जवळपास 16 इंच रुंद, आणि ती दोन फळ्या जोडून होते, म्हणजे जोडीतली एकेक फळी 8 इंचांची. बिडाच्या सांगाड्याचं जुन्या घाटाचं चौदा इंची यंत्र मुळात 6 इंचच चिरतं. खांबात वाढीव ठोकळा बसवला की 12 इंच मिळतात, पण मग 93.5 ऐवजी 105 इंचांचं ब्लेड लागतं. शिवाय मोटर पाऊण एचपीची असेल तर एवढ्या उंचीच्या शिसवीत ती धापा टाकते. पोलादी सांगाड्याच्या नव्या चौदा इंची यंत्रांत मूळचीच 10 इंचांच्या वर उंची आणि दीड एचपीच्या आसपास मोटर मिळते. सांगाडा ताठ असल्याने ब्लेडला ताणही नीट देता येतो. पैसे जुळत असतील तर आमचं मत याच यंत्राला. घरात त्यासाठी 16 अँपिअरचा पॉइंट हवा.

चिरताना सगळ्यात जास्त लाकूड वाया जातं ते ब्लेडला पोट आल्यामुळे. फळी वर आणि खाली बरोबर 4 मिमी भरते, मधे मात्र अडीच. पाठीची शेवटची जाडीच अडीच मिमीच्या आसपास असते, त्यामुळे सँडिंगला काही उरत नाही. कारणं ठरलेली: ताण कमी, दाते बोथट, किंवा दाते फार बारीक. बारीक दात्यांच्या खाचा उंच लाकडात भुश्याने भरून जातात, ब्लेड पुढे कापत नाही आणि बाजूला वाकतं. चिरायला इंचाला 3-4 दाते असलेलं अर्धा इंची ब्लेड लावा. माहितीपत्रकात पाऊण इंची चालतं असं लिहिलेलं असलं तरी बिडाच्या चौदा इंचीला त्या रुंदीला पुरेसा ताण देणं जमत नाही.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. 25 मिमी जाड फळीतून 4 मिमीचे तुकडे काढले आणि प्रत्येक छेदात 1.2 मिमी गेलं, तर चार तुकडे 19.6 मिमीत बसतात, म्हणजे दोन जोड्या. कापणीचा भरवसा नसल्याने साडेपाच मिमी ठेवावे लागले तर तीनच निघतात, आणि तिसऱ्याला जोडीदार उरत नाही.

वळणांसाठी पाव इंची, इंचाला 6 दात्यांचं ब्लेड ठेवा. ते साधारण 16 मिमी त्रिज्येत वळतं. अर्धा इंचीला 64 मिमी लागतात, त्यामुळे बॉडीच्या शिंगाच्या (नेकजवळच्या टोकदार भागाच्या) आतल्या वळणात ते अडकतं आणि जोर लावला की दाते लाकूड जाळतात.

तिसरा पर्याय म्हणजे पॅटर्न शॉपमधून (ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्या कारखान्यातून) निघालेलं अठरा इंची किंवा त्याहून मोठं यंत्र. ताकद आणि उंची भरपूर, पण मोटर बहुधा थ्री फेज. घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारं उपकरण) लावता येतो, मात्र तो 230 व्होल्टच देतो. 415 व्होल्टवर स्टारमध्ये जोडलेल्या मोटरच्या सहाही तारा बाहेर आणलेल्या असतील तर डेल्टात, म्हणजे जोडणीच्या दुसऱ्या पद्धतीने, जोडून घ्याव्यात, नाहीतर मोटर बदलावी. घेण्याआधी वीज बंद करून, ब्लेड काढून चाकं हाताने फिरवा: खडखड आली तर बेअरिंग गेलं. चाकांवरचं रबर तडकलं आहे का, त्याचा मधला उंचवटा झिजून सपाट झाला आहे का ते बघा. तसा सपाट झाला तर ब्लेड जागेवर राहत नाही. वरचा गाईड खाली-वर करताना ब्लेडपासून दूर सरकत असेल तर प्रत्येक उंचीला नव्याने जुळवावा लागेल.

वर्षाला एखाद-दुसरीच अकूस्टिक होणार असेल तर चिरलेल्या फळ्यांचे संच विकत घ्या आणि दहा इंचीवर काम भागवा. बॉडी, नेक आणि हेडस्टॉकचा (नेकच्या टोकाला चाव्या बसतात त्या भागाचा) तिरपा जोड त्यावर होतो. वाचलेल्या पैशांतून चांगली ब्लेडं आणि धूळ ओढणारं यंत्र आधी घ्या, कारण शिसवीच्या धुळीने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं आणि एकदा त्रास सुरू झाला की पुढे थोडी धूळही सहन होत नाही.